दोन थापा

१

गाडी बघायला आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा मला लायसन्स मिळून बारा दिवस झाले होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकलो. शिकवणारा मास्तर शेवटच्या दिवशी म्हणाला, "पुढे जायला तुम्ही तयार झालात. मागे जायचं असेल तेव्हा मात्र कोणाला तरी बरोबर घ्या." तो हसला, मीही हसलो. पण खरंच, रिव्हर्स म्हटलं की माझी बोबडी वळायची. आरशात डावं उजव्याला जायचं, उजवं डाव्याला, आणि माझं डोकं मधल्या मध्ये.

आमची लाँड्री आहे. लोकांच्या शर्ट-पँटची नाही, हॉस्पिटलच्या चादरींची. सकाळी सहाला मळक्या चादरींची गाठोडी उचलायची, धुवायची, वाळवायची, इस्त्री मारायची आणि दुपारी दोनच्या आत घड्या परत पोचवायच्या. अकरा वर्षं हे काम एका टेम्पोवाल्याच्या जिवावर चाललं. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तो मुलीकडे राहायला चालला होता. उद्यापासून येणार नव्हता.

त्यानंतरचे दिवस नुसत्या धावपळीचे. मिळेल ते वाहन, मिळेल त्या वेळी. दोनदा उशीर झाला, एकदा तर गाडीच मिळाली नाही. हॉस्पिटलच्या स्टोअरच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला तुमची अडचण कळते हो. पण चादरीशिवाय मी पेशंटला झोपवू कशावर? महिनाअखेरपर्यंत स्वतःची गाडी करा, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

त्या हॉस्पिटलशिवाय आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. विकण्यासारखं जे होतं ते विकून आम्ही जुनी पिकअप शोधायला लागलो.

२

चार गाड्या बघून झाल्या. एकीचा सांगाडा गंजलेला, एकीचे कागद तीन जणांच्या नावावर फिरून आलेले, दोन आमच्या हाताबाहेरच्या. पाचवी एका टाइल्सवाल्याची निघाली. साठीचा माणूस, धंदा बंद केलेला. अंगणात पांढरी पिकअप उभी होती. धुतलेली, टायर बरे, हौद्याच्या तळाला नवा पत्रा. त्याने सांगितलेली किंमत ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली, आनंद दिसू नये म्हणून.

मी गाडी चालवून बघितली. इंजिनचा आवाज एकसारखा होता. परत आलो तर तो तिथेच उभा होता.

"मागे घेताना उतरून बघत जा," तो म्हणाला. "दर वेळी."

"मी नवीन आहे," मी म्हटलं. "मागे ही उभी राहील."

त्याने बायकोकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"ह्या? दुसरं कोणी नाही का?"

"का, मला दिसत नाही का?" बायको म्हणाली.

त्याने खिशात हात घातला. दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या. बायकोने प्यायला पाणी मागितलं, तेव्हा त्याने आम्हाला आत बोलावलं नाही. स्वतः आणून देतो म्हणाला. खिडकीतून आतली खाट दिसत होती. तिच्यावर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलं होतं. दुपारचे साडेतीन झाले होते.

घरी येताना बायकोने गाडीचं नाव ढवळी ठेवून टाकलं. म्हणाली, "गरीब वाटते. लाथ मारायची नाही."

३

आमची लाँड्री गल्लीच्या टोकाला. गाडी आत घ्यायची तर उलटीच घ्यावी लागते, दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा. टेम्पोवाल्याच्या वेळची आमची पद्धत होती. बायको मागे उभी राहून पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. तीच आम्ही पुढे चालू ठेवली. पहिले पंधरा दिवस ती पुढे-मागे धावून घामाघूम व्हायची आणि मी एका जागेवर बसून तिच्याहून जास्त घामाघूम व्हायचो.

मग एका सकाळी मी मळक्या चादरी घेऊन आलो, गल्लीत गाडी वळवली आणि थांबलो. पाठीमागे पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी गाडी मागे घेतली. दोन. अजून घेतली. एक. थांबलो, उतरलो. भिंतीपासून बरोबर चार बोटं. इतकी चांगली माझी गाडी कधी लागली नव्हती.

बायको आतून आली. कोपरापर्यंत साबण.

"कधी आलात?" ती म्हणाली. "हाक तरी मारायची. एकट्यानेच घेतलीत?"

मला वाटलं ती मस्करी करतेय. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. पत्र्यावर कुठे साबणाचा ठिपकाही नव्हता.

"घेतली," मी म्हटलं.

ती इतकी खूश झाली की मी पुढचं बोलायचं सोडून गाठोडी उतरवायला लागलो.

४

माणसाच्या डोक्याला सगळ्याचं उत्तर लागतं. माझ्याही लागलं. हौद्याचा मागचा फाळका सैल असेल. पान्ह्यांचा डबा हलत असेल. गाठोडी घसरत असतील. पण गाठोडी मऊ असतात, आणि सैल फाळका आधी दोन-दोनदा वाजून भिंतीपासून चार बोटांवर एकदाच कसा वाजेल, याचं उत्तर डोकं टाळत होतं.

आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. थापा बरोबर यायच्या. हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, जिथे माल उतरवायला हौद्याच्या उंचीचा सिमेंटचा ओटा आहे, तिथे मी झोकात गाडी लावायला लागलो. तिथला वॉचमन म्हणाला, "साहेब, जुने ड्रायव्हर वाटता." एकदा मी अर्ध्यावर असताना अचानक जोराची एक थाप आली. करकचून ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर मागच्या चाकापासून हातभर अंतरावर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. उतारावरून खुर्ची आपोआप घरंगळत आली होती. ते माझ्याकडे बघून हसले. मी त्यांच्या खुर्चीला धरून खाली बसलो.

त्या दिवसापासून मी थापांवर विश्वास ठेवायला लागलो. आरशात बघणं कमी झालं. बायकोने मागे उभं राहायची गरज उरली नाही. तो वेळ ती इस्त्रीला द्यायची आणि माल एकच्या आत जायचा. दोन महिन्यांत एक दिवसही चुकला नाही. मॅडमनी आणखी एका मजल्याच्या चादरी आम्हाला दिल्या. त्या संध्याकाळी बायको बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

तिला मी काय सांगणार होतो?

५

तरी मनाला चैन पडेना, म्हणून मिस्त्रीकडे गेलो. मागून आवाज येतो एवढंच सांगितलं. त्याने फाळका, बिजागऱ्या, तळाचा पत्रा, सगळं ठोकून बघितलं. मग म्हणाला, "मी हौद्यात बसतो. तुम्ही एक चक्कर मारा."

चक्कर मारून मी गॅरेजशी आलो. दोन थापा आल्या. मला बरं वाटलं, मागे मिस्त्री आहे, तोच देतोय. गाडी मागे घेतली. एक थाप. थांबलो.

मिस्त्री उतरला आणि चिंधीने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"तुम्ही आतून कशाला वाजवत होता?" त्याने विचारलं.

"मी कुठे वाजवलं? तुम्ही दिल्यात म्हणून तर मागे घेतली."

"मी दोन्ही हातांनी कडेला धरून बसलो होतो. आवाज केबिनमधून आला. मला वाटलं, तुम्ही मला काही सांगताय."

आम्ही दोघंही केबिनकडे बघत उभे राहिलो. दार उघडं होतं. सीटवर माझा डबा होता आणि मॅडमची पावती होती.

"माझं काम लोखंडाचं," मिस्त्री म्हणाला. "लोखंडात काही दोष नाही." पैसे त्याने घेतले नाहीत. मी निघालो तेव्हा तो शटरच्या आत जाऊन उभा राहिला, गाडी वळून जाईपर्यंत.

६

रविवारी दुपारी मी एकटाच टाइल्सवाल्याकडे गेलो. गाडी नेली नाही, चालत गेलो. त्याने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "किती दिवस झाले?"

"अडीच महिने."

"म्हणजे अजून बरोबर येत असतील."

मी पायरीवरच बसलो. तोही बसला.

"कोण आहे ते?" मी विचारलं.

"मला नाही माहीत. मी दीड वर्ष डोळे मिटून गाडी मागे घेतली. एकदाही चुकलं नाही. मग उतरून बघायचंच सोडलं." त्याने पायरीवरचा खडा उचलून फेकला. "एक दिवस दोन आल्या, आणि मागे ही होती."

खिडकीतली खाट पायरीवरून दिसत नव्हती, तरी आम्ही दोघांनी तिकडे बघितलं. आतून बाईचा आवाज आला, "कोण आलंय?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

"गाडी परत घ्या," मी म्हटलं. "द्याल तेवढं द्या."

"माझा जीव मागा, तो देईन. ती गाडी या दारात नको."

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. उतरून बघत जा म्हटलं होतं."

"एवढंच सांगितलं होतं."

"सगळं सांगितलं असतं तर घेतली नसतीत?"

मी त्याच्याकडे न बघता पायरीवरून उठलो. परतताना वाटेत मात्र स्वतःशी खरं बोललो. महिनाअखेर तोंडावर आली होती, बायको रोज दाराशी उभी राहून माझी वाट बघत होती. घेतली असती. मी ती गाडी तरीही घेतली असती.

७

दुसऱ्या दिवसापासून थापा ऐकायच्या नाहीत असं ठरवलं. दर वेळी उतरायचं, मागे बघायचं, परत बसायचं, दोन हात मागे घ्यायची, पुन्हा उतरायचं. गल्लीतले लोक हसायला लागले. थापा चालूच होत्या. मी हाताने कान झाकून घ्यायचो, मग एका हाताने स्टिअरिंग वळायचं नाही. आठवड्यात तीनदा उशीर झाला. मॅडम म्हणाल्या, "इतकं छान चाललं होतं. झालं काय?"

घरी बायकोनेही तेच विचारलं. तिला सांगावं असं दहादा ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, विकून टाका. ती म्हणाली असती तर मला विकावी लागली असती. आणि मग पुन्हा ते दिवस.

"तू परत मागे उभी राहा," मी म्हटलं. "हॉस्पिटललाही बरोबर ये. पण थाप मारायची नाही. आरशात दिसेल असा हात कर. हाताने ये म्हण, हाताने थांब म्हण."

"आणि थाप का नको?"

"आवाजाने डोकं दुखतं."

"अकरा वर्षं मशीनशेजारी उभे राहिलात तेव्हा नाही दुखलं," ती म्हणाली. पण कबूल झाली. माझ्या हट्टांना ती नावं ठेवायची आणि मग ते पाळायची.

तीन दिवस ठीक गेले. तिचा हात आरशात यायचा. पाण्यात राहून सुरकुतलेली बोटं, आखूड नखं. तो हात मी कुठेही ओळखला असता.

चौथ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही हॉस्पिटलच्या आवारात शिरलो. वीज गेलेली, जनरेटर चालू, कानावर हात ठेवावा असा आवाज. बायको उतरून मागे गेली. मी आरशात बघत बसलो. क्षणभर काही दिसलं नाही. मग आरशाच्या कडेला तिचा हात आला. ये, ये.

मी गाडी मागे घ्यायला लागलो.

तेवढ्यात पत्र्यावर एक थाप पडली.

मी दात आवळले. तीन दिवस गप्प बसून आज पुन्हा सुरू झालं होतं. ऐकायचं नाही. आरशात हात शांतपणे बोलावत होता. ये, ये. मी मान हलवून त्याला हो म्हटलं.

पुन्हा एक. मग एक, एक, एक. अशी थाप मी आधी कधी ऐकली नव्हती, दोन्ही तळहात उघडून मारल्यासारखी. मला वाटलं, आता चिडलंय, मी ऐकत नाही म्हणून. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी जिंकल्यासारखा होतो. हात बोलावतच होता. ये. ये.

गाडी कशाला तरी टेकली. मऊ. ओट्याला लागल्यावर जो आवाज होतो, तो झाला नाही.

थापा बंद झाल्या. आरशात कोणी नव्हतं. वॉचमन धावत येत होता. त्याचं तोंड उघडं होतं पण जनरेटरमुळे मला त्याचा शब्दही ऐकू आला नाही.

८

ओट्यासमोरच्या नाल्यात चादरींच्या ट्रॉलीचं चाक अडकलं होतं. ते काढायला ती मध्ये शिरली होती. हे मला वॉचमनने सांगितलं. कंबरेचं हाड आणि डावा पाय. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या, पत्र्यावर आपटून फुटले होते.

पाचव्या दिवशी ती नीट बोलली. मी कॉटशेजारी स्टुलावर होतो. तिच्या अंगावरची चादर आमच्याकडे धुतलेली होती. कोपऱ्यावर तिनेच टाचलेली चिठ्ठी होती.

"तुम्ही थाप मारू नको म्हणालात, ते विसरले नव्हते मी," ती म्हणाली. "पण दुसरं काय करणार? हात वर करायलासुद्धा जागा नव्हती."

मी तिच्या पायांकडे बघत राहिलो.

"मला मागच्या काचेतून तुमचं डोकं दिसत होतं. तुम्ही मान हलवत होता. मला वाटलं, ऐकलंत." ती दमली, मग हळूच म्हणाली, "कोणाला हो म्हणत होता?"

"मला तुझा हात दिसत होता," मी म्हटलं.

तिने पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. पाच दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. आरशात फक्त गाडीची कड दिसते. ती मागे, नाल्याशी, फाळका आणि ओट्याच्या मध्ये होती. कितीही लांब केला असता तरी तिचा हात तिथे आला नसता.

मॅडम येऊन गेल्या. काम आमचं काढणार नाहीत म्हणाल्या. "आमच्याच आवारात झालं, आम्ही तुम्हाला सोडणार नाही. पण चादरी उद्यापासून हव्यात. उसन्या आणून चार दिवस भागवलं, आता नाही जमणार." मी हो म्हणालो. बायकोच्या औषधांची चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि दारात उभी करायला माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "उद्या एकटेच येणार?"

"हो."

"मग एक कबूल करा. यापुढे मागून थाप आली तर ऐकायची. कोणाचीही असो. डोकं दुखो, काही होवो. मी तिथे असताना कोणी ऐकायला हवं होतं." तिचे डोळे भरून आले होते. "म्हणा, ऐकीन."

तिला सगळं सांगायची ती शेवटची वेळ होती. आणि तिने नुकतंच मला माफ केलं होतं.

"ऐकीन," मी म्हणालो.

सकाळी सहाला मी मागच्या आवारात शिरलो. उजाडलं होतं. वॉचमन जवळ आला, मागे उभा राहू का म्हणाला. मी नको म्हटलं, इतक्या घाईने की तो दोन पावलं मागे सरला. त्याला फाटकापर्यंत जायला लावलं. मग उतरलो. गाडीच्या मागे बघितलं, खाली वाकून बघितलं, नाल्यात बघितलं. कोणी नव्हतं. ओटा धुतलेला होता. बसलो. मन धजेना, म्हणून पुन्हा उतरून सगळं बघितलं.

मग दार लावून रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवून थांबलो. आरसा रिकामा होता. वरच्या मजल्यावर तिची खिडकी उघडी होती.

पाठीमागे, माझ्या खांद्याच्या बरोबर मागच्या पत्र्यावर, दोन थापा पडल्या. हलक्या, ती मारायची तशाच.

मी पाय उचलला.